अप्पांना बदलू नका, शॉटचा क्रम बदला

पत्र: आम्ही चोपडा तालुक्यातले पाच मित्र २२ मिनिटांचा अहिराणी लघुपट करतोय. वादळात केळीची बाग आडवी झालेला बाप, पुण्याला शिकायला निघालेला मुलगा आणि आजी, एवढीच गोष्ट. बापाच्या भूमिकेसाठी मोबाइलवरच्या अहिराणी विनोदी व्हिडिओंमधले एक लोकप्रिय नट घेतलेत, त्यांना सगळे अप्पा म्हणतात. नुसत्या वाचनात ते दोन जागी असं बोलून गेले की आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. पण उभ्याने तालीम सुरू झाली की सगळे हसतात. मुलाच्या शिक्षकाचं काम करणारे सर स्नेहसंमेलनातली नाटकं बसवतात, ते फार मोठ्याने बोलतात. आजीचं काम करणाऱ्या बाई कधीच कॅमेऱ्यापुढे आलेल्या नाहीत. पहिल्यांदा फार छान करतात, तिसऱ्यांदा पाठ केल्यासारखं. पैसे चार दिवसांच्या शूटिंगपुरतेच आहेत. अप्पांना बदलावं का? आणि ज्यांच्याकडून कुणालाच अपेक्षा नसते असे नट एखाद्या सिनेमात एकदम चांगलं काम करून जातात, ते नेमकं कशामुळे?

उत्तर:

भाऊ, अप्पांना बदलू नका. दुसरा नट तयार असला तरी नका. वाचनात जे दोन क्षण सापडले ते खोटे नव्हते. तेव्हा अप्पांची नजर कागदावर होती, हात कागदात अडकलेले होते आणि समोर कोणी हसायच्या तयारीत बसलेलं नव्हतं. उभे राहिले तसे हात मोकळे झाले, चेहरा मोकळा झाला आणि तुम्ही पाच जण प्रेक्षक झालात. समोर माणसं दिसली की विनोदी नट त्यांना हसवणारच, ती त्याची वर्षांची कमाई आहे. म्हणून उद्यापासून तालमीच्या खोलीत दिग्दर्शक आणि त्या प्रसंगातले नट, एवढेच. बाकीचे चहा प्यायला बाहेर. कॅमेरावाल्याला यायचंच असेल तर त्याने हसायचं नाही या बोलीवर यावं.

मग दुखणं कुठे आहे ते तपासा. मोबाइल ट्रायपॉडवर छातीच्या उंचीला, अप्पांपासून सात-आठ फुटांवर लावा. तुमचा मुख्य प्रसंग, म्हणजे बाप जेवताना मुलाला ‘यंदा पुण्याला जाऊ नको’ सांगतो तो, सलग तीनदा चित्रित करा. मधे काही सुचवू नका. रात्री ते एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा मोबाइल पालथा ठेवून नुसतं ऐका. विनोदी नटांच्या बाबतीत नुसता आवाज बहुतेक वेळा ठीक निघतो, बिघडतं ते चेहऱ्यात आणि मानेत. आवाजही खोटा वाटला तर दोष अप्पांचा नाही, संवादांचा आहे; त्यावर पुढे लिहिलंय.

छोट्या विनोदी व्हिडिओंमध्ये काम करून अंगात काय मुरतं ते समजून घ्या. वाक्य संपलं की नट अर्धा-एक सेकंद थांबतो, कारण संकलनात तिथे हशा किंवा एखादा मजेशीर आवाज भरला जातो. तुमच्या लघुपटात तो आवाज येणार नाही. थांबा मात्र राहील, आणि काहीच न भरलेला थांबा पडद्यावर लगेच खोटा दिसतो. शिवाय वाक्याच्या शेवटी आवाजाची पट्टी वर जाते, शेवटचा शब्द पुन्हा म्हटला जातो. या तीन गोष्टी संकलनात बऱ्याच सावरता येतात. चौथी सावरता येत नाही: समोरचा बोलत असताना सतत प्रतिक्रिया देणं. भुवई, ओठ, मान, काही ना काही हलतच असतं. दोन-तीन सेकंदांच्या कटांमध्ये ते लागतंच, नाहीतर बघणारा बोटाने वर सरकवून पुढे जातो. पण वीस सेकंदांच्या शॉटमध्ये हाच माणूस मुलाचं ऐकत नाहीये, ऐकल्याचं दाखवतोय, हे मागच्या रांगेतल्यालाही कळतं.

ही यादी अप्पांना वाचून दाखवू नका. ‘भुवया हलवू नका’ असं सांगितलेला नट प्रसंगभर भुवयांचाच विचार करतो. ‘गंभीर व्हा’ हे तर त्याहून वाईट. विनोदी नटाला गंभीर व्हायला सांगितलं की तो गंभीर म्हणजे सावकाश असं धरून चालतो: आवाज खाली, प्रत्येक शब्दाआधी उसासा, नजर जमिनीला. त्याचं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे टायमिंग, आणि पहिल्यांदा मरतं तेच. अप्पांचा बोलण्याचा वेग आहे तसाच राहू द्या. घाबरलेला, लाजलेला बाप भरभरच बोलतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पडद्यावरची उदाहरणं नीट पाहिली तर चमत्कार क्वचित सापडतो. नटाकडे जे होतं तेच वापरलेलं असतं, फक्त त्याची नेहमीची पळवाट बंद केलेली असते.

निळूभाऊ फुले घ्या. ‘सामना’मधला हिंदुराव पाटील पाहिल्यावर गावावर हुकमत चालवणारा पुढारी म्हटलं की लोकांना तेच दिसू लागले. ‘सामना’च्याच दिग्दर्शकाने, जब्बार पटेलांनी, १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये त्यांना पत्रकार दिगू टिपणीस केलं. दिगूकडे सत्ता नाही. तो मंत्र्यांच्या दालनांत वावरतो, बघतो, ऐकतो. नजर तीच, आवाजाची ती ओढही तीच, पण हुकूम सोडायची सोय काढून घेतलेली. १९९२ च्या ‘एक होता विदूषक’मध्ये उलटी वाट धरली. पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेला आबुराव हा तमाशातला सोंगाड्या. लक्ष्मीकांत बेर्डेंना हसवणं सोडायला कुणी सांगितलंच नाही, हसवून झाल्यावर उरणारा माणूस दाखवायला सांगितलं. काम उत्तम झालं, पण नेहमीचा लक्ष्या बघायला आलेला प्रेक्षक गोंधळला. तोच गोंधळ तुमच्याही वाट्याला येऊ शकतो, त्याची तजवीज शेवटी सांगतो.

सैफ अली खानचं ‘ओंकारा’तलं (२००६) काम तिसऱ्या जातीचं आहे. तोवर तो शहरी, मिस्कील, गोडबोल्या तरुण म्हणून ठाऊक होता. इथे बारीक कापलेले केस, लंगडी चाल आणि पश्चिम उत्तर प्रदेशातली खरखरीत बोली. पायावर लक्ष ठेवून चालायचं आणि तोंडात परकी बोली, या दोन कामांत नटाचं डोकं इतकं गुंततं की छान दिसायला वेळच उरत नाही. वेशभूषेचं कौतुक होतं, पण खरी मदत होते ती या ओझ्याची. अप्पांना लंगडायला लावू नका, हातांना काम द्या एवढंच.

तर जेवणाचा प्रसंग. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. अप्पांना सांगायचं ते असं: ‘मुलगा ताटावरून उठता कामा नये, आणि गोष्ट तर सांगून टाकायचीय.’ हे करता येण्यासारखं काम आहे. ‘तुम्हाला फार वाईट वाटतंय’ हे करता येत नाही, दाखवावं लागतं, आणि दाखवायला गेलं की भुवया आल्याच. प्रत्येक प्रसंगासाठी प्रत्येक नटाला असं एकच क्रियापद द्या: थांबव, लपव, पटव, विषय बदल. चौथ्या टेकलाही तेच तेच येत असेल तर क्रियापद बदला. आधी ‘पटव’ होतं तर आता ‘माफी माग’. संवाद तेच राहतात, चेहरा आपोआप बदलतो. मुलाला मात्र वेगळं सांगा, अप्पांना कळू न देता: ‘बाप बोलायला लागला की तू भाकरी संपवून उठायची घाई कर.’ मग अप्पांना खरोखर त्याला थांबवावं लागेल आणि चेहऱ्याकडे बघायला फुरसत मिळणार नाही.

जेवणाचा प्रसंग सोपा वाटतो आणि तिथेच दिवस वाया जातो. तिघं जेवणारे, आठ टेक आणि प्रत्येकाला दर टेकला अर्धी भाकरी धरली तर बारा भाकऱ्या लागतात. पंधरा करून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर तासाभरात कडक होऊन मोडताना कडकडा वाजतात. ठेचा रोजचा नको. आठव्या टेकपर्यंत मिरची डोळ्यांतून यायला लागते आणि ते रडणं कुठल्याच कामाचं नसतं. शेंगदाण्याचं कूट जास्त, मिरची नावापुरती. पटकथेच्या प्रतीवर कुठल्या शब्दाला घास मोडायचा आणि कुठे तोंडात घालायचा याच्या खुणा करा, नाहीतर लांबच्या शॉटमध्ये अर्धी भाकरी आणि जवळच्या शॉटमध्ये पाऊण, असं होतं. वाक्य बोलायचं घास मोडताना, तोंडात असताना नाही. ताटाखाली दुमडलेलं फडकं घाला. स्टीलचं ताट फरशीवर सरकलं की कॉलर माइकमध्ये संवादापेक्षा तेच मोठं येतं.

चार दिवस वाचवणारी गोष्ट म्हणजे शॉटचा क्रम. नेहमीची पद्धत अशी की आधी सगळ्यांचा लांबचा शॉट, मग एकेकाचे जवळचे. तुमच्याकडे दोन उलट स्वभावाचे नट आहेत. आजी पहिल्या-दुसऱ्या टेकला उत्तम आणि मग उतरणीला. अप्पा पहिल्या तीन-चार टेकांत सगळ्या सवयी ओतणार आणि पाचव्या-सहाव्याला, एकदा हसवून झालं, कंटाळले की साधे होणार. असे नट सगळीकडे असतात. गायक म्हणून गाजलेला फ्रँक सिनात्रा पहिल्याच टेकवर काम संपवायला बघायचा, आणि १९५३ च्या ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’साठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळवून त्याने सगळ्यांना चकित केलं होतं. म्हणून कॅमेरा आधी आजींवर लावा, थेट जवळचा शॉट, तालमीशिवाय. अप्पा समोर बसून आपले संवाद पूर्ण जोमाने म्हणतील, चित्रात त्यांचा खांदा आणि कान. मग मुलगा. मग लांबचा शॉट. अप्पांचा जवळचा शॉट सगळ्यात शेवटी. तोवर तेच संवाद त्यांनी आठ-दहा वेळा म्हटलेले असतील, विनोदाची वाफ गेलेली असेल, आणि तुम्हाला वाचनातला आवाज परत मिळेल. याचा एक तोटा: घास आणि हातांची जागा आजींच्या पहिल्या टेकमध्ये ठरते आणि बाकी सगळ्यांना तिच्यामागे जावं लागतं. एका माणसाने वही घेऊन फक्त तेवढंच बघायचं.

अप्पांचा जवळचा शॉटही नाकासमोरून नको. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स असेल तर सात फुटांवरून, तीन-चतुर्थांश बाजूने. छातीपासून वरचं चित्र मिळेल आणि कॅमेरा नजरेच्या थेट रेषेत नसल्यामुळे त्याला डोळा मारायचा मोह कमी होईल. उजेड एकाच बाजूने ठेवा, दुसरा गाल बऱ्यापैकी अंधारात. चेहऱ्याचा अर्धा भाग दिसत नसला की उरलेल्या अर्ध्याची वटवट निम्मी होते. घरातला एलईडी बल्ब चित्रात येणार असेल तर २५ फ्रेम आणि १/५० शटर, म्हणजे लुकलुक दिसणार नाही. आणि निदान एका महत्त्वाच्या वाक्याला अप्पा पाठमोरे असू द्या. पाठीला भुवया नसतात.

शूटिंगच्या वेळी ‘अ‍ॅक्शन’ ओरडू नका. क्लॅप सुरुवातीला खाडकन वाजला की आजी दचकतात आणि अप्पा रंगमंचावर चढतात. कॅमेरा आणि ध्वनी आधी चालू करा, दहा-पंधरा सेकंद तसेच जाऊ द्या, मग हळू आवाजात ‘हं, जेवा’ म्हणा. क्लॅपचा बोर्ड शेवटी दाखवा, उलटा धरून, म्हणजे संकलनात तो शेवटचा आहे हे कळतं. संवाद संपले की लगेच ‘कट’ नको, आणखी दहा सेकंद थांबा. या दहा सेकंदांत नट काय करावं हे न कळून नुसता बसतो, आणि ते नुसतं बसणं पुष्कळदा सगळ्या प्रसंगापेक्षा खरं निघतं.

ऊन हा आपल्याकडचा वेगळा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर पारा ४२-४३ च्या वर जातो आणि ध्वनीसाठी पंखा, कूलर दोन्ही बंद करावे लागतात. पत्र्याच्या खोलीत दहा मिनिटांपेक्षा जास्त सलग बसवू नका. थोडा थकवा सवयी गळून पडायला मदत करतो, पण उन्हाचा थकवा संवाद विसरायला लावतो. सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि दुपारी साडेचारनंतर, मधला वेळ झोपेचा. आडवी झालेली बाग दाखवायची तर कापणी झालेल्या बागेत परवानगी काढा. खोडं पडलेली असतात, चौकट घट्ट ठेवली की पुरतं.

आजींबद्दल. कधी अभिनय न केलेली माणसं चकित करतात ती बहुधा स्वतःचंच काहीतरी करत असताना. ‘कोर्ट’मध्ये शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे प्रत्यक्षात चळवळीतले कार्यकर्ते होते, ‘कट्यार काळजात घुसली’त (२०१५) गायक शंकर महादेवन यांना शास्त्रीय गायकाचीच भूमिका मिळाली, ‘फँड्री’चा सोमनाथ अवघडे नट नव्हता, आणि त्याच कामाला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इटालियन दिग्दर्शक डी सिकाच्या १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ज’मधला बापही खरोखरचा कारखान्यातला कामगार होता. शेजारच्या शिरपूरशी नातं असलेल्या स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. कॅमेऱ्यासमोर न हलता, न सजवता बोलण्याचा सराव तिथेच झालेला असणार. तेव्हा आजींना पटकथा हातात देऊच नका. त्या एरवी घरी जे करतात ते करू द्या: भाकरी थापणं, तांदूळ निवडणं, लसूण सोलणं. त्यांना प्रसंग सांगा: ‘पोराला जाऊ देत नाहीयेत आणि तुम्हाला ते आवडलेलं नाही.’ ठराविक वाक्य हवंच असेल तर तुम्ही कॅमेऱ्यामागून ते साध्या आवाजात म्हणा, दोन सेकंद जाऊ द्या, मग त्यांनी म्हणायचं. मधली दोन सेकंदं सोडली नाहीत तर तुमचा आवाज त्यांच्या वाक्यावर चढतो आणि तो टेक फुकट जातो.

त्या तिसऱ्यांदा का बिघडतात? बहुतेक पहिल्या टेकनंतर तुमच्यापैकी कुणीतरी म्हणालं असेल, ‘आजी, तो पदर तोंडाला लावलात ना, ते एकदम भारी!’ झालं. आता त्यांना कळलं की भारी काय होतं, आणि पुढच्या वेळी त्या पदर लावतात, कारणाशिवाय. नवख्या माणसाचं कौतुक करायचं तर ‘छान झालं, पुढचं घेऊ’ एवढंच, कुठल्याही हालचालीचं नाव न घेता. चुकलं तर ‘चुकलं’ म्हणू नका, ‘कॅमेऱ्याचं जरा बघायचंय’ म्हणून पुन्हा घ्या. तीन टेकांत नाही मिळालं तर थांबा, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरं काम हातात देऊन तासाभराने तेच घ्या.

सरांचं सोपं आहे. त्यांचा आवाज मोठा नाही, लांबच्या माणसासाठी बांधलेला आहे. स्नेहसंमेलनात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं असतं. ‘हळू बोला’ म्हटलं की ते हळू बोलतील, पण शेवटच्या बाकाशीच. समोरच्याला दोन फुटांवर बसवा आणि शेजारच्या खोलीत आजी झोपल्यात अशी अट घाला. दोनच वाक्यांचं काम आहे, त्यापलीकडे त्यांच्यावर दिवस घालवू नका.

आता संवाद. नुसत्या आवाजातही अप्पा खोटे वाटले असतील तर पटकथा उघडा. व्हिडिओंमधली अहिराणी हसवण्यासाठी घट्ट केलेली असते; ‘शे’ आणि ‘राह्यना’ प्रत्येक वाक्यात ठासलेले, शिव्या आणि म्हणी दर ओळीला. घरात दुःखाचं बोलणं असं होत नाही, ते तुटक असतं. तुमच्या पटकथेत ‘आपली परिस्थिती यंदा पुण्याला शिकण्यासारखी राहिलेली नाही’ अशा वळणाचं वाक्य असेल, नुसतं अहिराणीत बसवलेलं, तर ते कुणालाच म्हणता येणार नाही. ‘यंदा पुनाले नको जाऊ’ एवढं म्हणून बापाला गप्प बसू द्या. अप्पांना प्रसंग सांगून त्यांच्या शब्दांत तीनदा बोलायला लावा, ते टेप करा आणि त्यातून संवाद पुन्हा लिहा. आणखी एक: चोपड्यात अहिराणी, गुजरी, लेवा गणबोली सगळं कानावर पडतं. नट कुठलेही असोत, बाप, आजी आणि मुलगा हे एका घरातले आहेत. तिघांची बोली आजींच्या बोलीला जुळवा, कारण त्या बदलू शकणार नाहीत. सर रावेर-यावलकडच्या ढंगात बोलले तरी चालतील, बदलून आलेत असं समजेल प्रेक्षक.

संकलनात निम्मं काम होतं, म्हणून त्यासाठी माल घेऊन ठेवा. प्रत्येक नटाचा नुसतं ऐकतानाचा शॉट, निदान चाळीस सेकंद, कॅमेऱ्यामागून संवाद वाचून घ्या. सोव्हिएत रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने १९२० च्या सुमारास एका नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपाच्या वाडग्याला, शवपेटीला आणि एका स्त्रीच्या चित्राला जोडून दाखवला. भूक, शोक आणि ओढ हे प्रेक्षकांनीच त्यात घातलं. अप्पांचा काहीच न करणारा चेहरा आणि त्यापुढे मुलाची बांधलेली बॅग, एवढं पुरतं. त्यांच्या प्रत्येक शॉटची पहिली दोन आणि शेवटची दोन-तीन सेकंदं कापून बघा; सवयी बहुधा तिथेच जमलेल्या असतात. मधलं उरतं ते चांगलं निघेल. ग्लिसरीन आणू नका. इतक्या छोट्या लघुपटात विनोदी नटाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की प्रेक्षक आधी ‘बघ, रडतोय’ म्हणतो, बाप नंतर दिसतो.

प्रमाण मराठीत उपशीर्षकं देणार असालच. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि वाक्याचा शेवट अप्पांच्या तोंडून यायच्या आधी पडद्यावर येता कामा नये. जोडवाक्य असेल तर दोन तुकडे करा. टायमिंगवाल्या नटाचं काम उपशीर्षकाने आधीच फोडलेलं पुष्कळ ठिकाणी दिसतं आणि दोष मग नटाला लागतो.

आता त्या प्रेक्षकांचं. जळगाव-धुळ्याचा प्रेक्षक अप्पांना बघून हसायच्या तयारीनेच येणार. त्यांना हसू द्या, पण लवकर. पहिल्या तीन-चार मिनिटांत एक खराखुरा विनोदी प्रसंग ठेवा, बागेतल्या मजुरांशी किंवा आजीशी, आणि अप्पांना तिथे मोकळं सोडा. ‘आनंद’मध्ये (१९७१) जॉनी वॉकरचा ईसाभाई बराच वेळ हसवतो, म्हणूनच पुढे तो कोसळतो तेव्हा कुणाला हसू येत नाही. वादळानंतर मात्र एकही विनोद नको. लघुपट पूर्ण करण्याआधी आठ-दहा माणसांना दाखवा, त्यातल्या तिघा-चौघांनी अप्पांचा एकही व्हिडिओ पाहिलेला नसावा. कोण कुठे हसतं ते लिहून ठेवा. नको तिथे हसले तर ती जागा कापू नका, त्याआधीची दोन सेकंदं बघा. हसवणारी हालचाल बहुधा तिथे असते. अप्पांचे व्हिडिओ पाहिलेले हसले आणि न पाहिलेले गप्प राहिले, तर कशालाच हात लावू नका.

पोस्टरवर अप्पांचा हसरा फोटो टाकायचा मोह होईल, कारण लाइक्स त्यालाच येतात. टाकू नका. पाठमोरे अप्पा आणि पडलेली बाग चालेल. ट्रेलर ४० सेकंदांचा करा आणि त्यात तो सुरुवातीचा विनोदी प्रसंग अजिबात घेऊ नका. अप्पांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे प्रदर्शनाच्या आदल्या रात्री त्यांचा नाराजीचा फोन येणार नाही.